गुडघे टेकल्याबिगर

फेब्रुवारी तोंडावर आला की पॉलिहाउसातल्या बायांचे हात बघवत नाहीत. गुलाब म्हणजे जगाला कौतुक. कापणारीला विचारा की काय ते! चौदा तारखेला कुठल्या कुठल्या देशात पोरंपोरी एकमेकांना फुलं देणार, आणि त्यापायी इकडे भाजे गावच्या शिवारात शालनच्या बोटांची चाळण झालेली. हातमोजे दिले होते, नाही असं नाही. ते पहिल्याच आठवड्यात अंगठ्यापाशी फाटले, आणि दुसरे मागायचे म्हणजे सुपरवायझर संदेशच्या तोंडी लागायचं. त्यापेक्षा काटे बरे, असं म्हणून बाया उघड्या हातांनीच कात्री चालवत होत्या.

प्लास्टिकच्या आत नुसती वाफ धरलेली. औषध फवारल्याचा वास नाकात बसलेला. शालननं बादलीत फुलं उभी केली, कंबर धरून सरळ झाली आणि संदेश जवळ आलेला बघून घाईघाईनं बोलली, "दादा, उद्याच्याला सकाळी मला चर्चात मिस्साला जायाचंय. दुपारी येते."

"मावशी, माल विमानानं जायचाय. विमान तुमच्या मिस्सासाठी थांबतंय व्हय?"

बाया हसल्या. हसायला काय जातंय! शालनही कसनुशी हसली.

"बारापातूर येते. जेवायची सुट्टीबी घेत न्हाई."

"बारा म्हंजी बारा," संदेश म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे गेला. जाता जाता हळूच, पण ऐकू जाईल एवढ्यानं, "देव काय पुढच्या रविवारी नसतोय?"

देव पुढच्या रविवारीही असतो, हे शालनला ठाऊक होतं. याकोब असेल का, ते ठाऊक नव्हतं.

याकोब तिचा नवरा. याच पॉलिहाउसात कामाला होता. गेल्या उन्हाळ्यात छताचं प्लास्टिक बदलताना पाइपावरून पाय सटकला आणि पाठीवर पडला. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. आता पडून असायचा. लेक तळेगावात नांदत होती, तिला तिचा संसार. शालन सकाळी त्याला पुसून, भरवून, उशाशी पाणी ठेवून, दार ओढून कामाला यायची आणि जेवायच्या सुट्टीत एकदा पळत जाऊन बघून यायची. आधी खाट होती. एकदा तो खाटेवरून खाली आला आणि तिला एकटीला उचलता येईना. शेजारचे येईपर्यंत दोघं जमिनीवर बसून रडली. तेव्हापासून अंथरूण जमिनीवरच.

दुपारी घरी डोकावून आल्यावर शालन बांधावर भाकरी सोडून बसली, तेव्हा शेजारच्या सरुबाईनं विचारलं, "याकोबभाऊ जेवत्यात का गं आता?"

"दोन घास. त्येबी मी रागावल्यावर." शालननं बोटातला काटा दातानं ओढला. "त्यांचा जीव मिस्सात अडकलाय. वरीस हुत आलं, ख्रिस्तशरीर मिळालं न्हाई त्यांना."

सरुबाई माळकरी घरातली. तिला या लोकांचं एवढंच ठाऊक होतं, की चर्चमधे फादर पांढरी, कागदासारखी पातळ भाकर देतात आणि हे लोक तिला देवच मानतात. ती म्हणाली, "मग तुमचे फादर घरी येत न्हाईत व्हय?"

"येतो म्हणाले हुते नवे फादर. नाव लिवून घेतलं. पाच-सहा म्हयने झालं, पत्त्या न्हाई. आमी लांबची मानसं. आमच्यासाठी कोन येतंय हितवर!"

"आगं, मग तूच आण की पदराला बांधून. माझी सासू अंथरुणाला हुती तवा मी सप्त्याचा परसाद असाच आणायची. देवाचं त्ये देवाचंच, कुटंबी खाल्लं तरी."

"आमच्यात चालत न्हाई तसं," शालन म्हणाली. पण ते बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नाही. संध्याकाळपर्यंत कात्रीबरोबर तेच चालू होतं.

याकोबाचं वेडच तसं होतं. चर्चमधे सगळे रांगेत उभे राहून, मान लववून घेत. करोनापासून तर फादर हातावरच देत. डावा तळहात वर, उजवा खाली. पण याकोब वेदीसमोर आला की गुडघे टेकायचा म्हणजे टेकायचाच, आणि तोंड उघडायचा. मागचा माणूस त्याच्या पायाला अडखळायचा. कुणी लोणावळ्याच्या बंगल्यातली बाई च्च च्च करायची. जुने फादर हसून जिभेवर ठेवायचे. घरी येताना शालन म्हणायची, "लोक बघत्यात, अवो." तो म्हणायचा, "बघू दे. साहेब समोर आला तर आपन पायातली चप्पल काढतो. आन् ह्यो तर धनी."

आणि आता? आता शालन दर रविवारी मिस्साहून आली की तो विचारायचा, "घेतलंस?" ती म्हणायची, "घेतलं." मग तो तिचा डावा हात मागून घ्यायचा आणि तो उघडा तळहात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवायचा. काटे टोचलेल्या त्या हाताखाली त्याच्या पापण्या ओल्या व्हायच्या, ते तिला कळायचं. हात काढून घेताना तिचा जीव तुटायचा.

रविवारी ती पहाटे उठली, त्याचं सगळं आवरलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, मळवलीपर्यंत चालत गेली आणि लोणावळ्याची गाडी धरली. पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मिस्सात मागच्या बाकावर बसली. प्रवचनातला एक शब्द तिला ऐकू आला नाही.

रांग पुढे सरकली. फादर तरुण होते, वसईकडचे, चष्मेवाले. त्यांनी पांढरी चकती वर धरली.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन."

डाव्या तळहातावर ती ठेवली गेली. शालन बाजूला झाली, रिकामा उजवा हात तोंडाशी नेला, ओठ हलवले. डावी मूठ मिटलेलीच राहिली. बाकावर येऊन खाली वाकली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. आयुष्यात तिनं कुणाच्या बांधावरची शेंग तोडली नव्हती. आज देवाच्याच घरात चोरी केली! शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत ती बाहेर पडली होती.

गाडीत ती दाराशी उभी राहिली, पदर छातीशी धरून. पण रविवार; लोहगडाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांनी डबा भरलेला. मळवलीला उतरताना एकाची पाठीवरची सॅक तिच्या मुठीवर आदळली. "सॉरी मावशी!" म्हणून पोरगा उड्या मारत गेला. गाठीत काहीतरी मोडल्याचं तिला बोटांनी कळलं.

घरी आली तेव्हा याकोब दाराकडेच बघत होता.

"घेतलंस?"

"न्हाई," शालन म्हणाली. त्याच्या उशाशी गुडघ्यांवर बसली आणि गाठ सोडली. "तुमच्यासाठी आनलंय."

पदरात पांढरे तुकडे होते. दोन मोठे, बाकीचा चुरा.

याकोबाच्या तोंडचा रंग गेला. कोपरांवर उठायचा त्यानं प्रयत्न केला, जमलं नाही. "शालन! अगं, ह्ये काय केलंस? पदराला बांधून आनलंस? शेंगदाण्यावानी?"

"मग काय करू? फादर येत न्हाईत. तुमी झुरताय. माझ्यानं बघवत न्हाई."

फादरांचं नाव निघताच त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मग म्हणाला, "मी न्हाई घ्यायचा. गुडघं टेकल्याबिगर कधी न्हाई घेतला. आन् आता हितं, ह्या घाणीत पडल्या पडल्या घेऊ? माझा मलाच वास येतोय."

"घान कुटाय? सकाळीच पुसलंय मी."

"न्हाई म्हनलं ना!"

"मग मी खाते. आदबीनं खाते."

"चोरलेलं हाय त्ये. फादरला इचारल्याबिगर तूबी न्हाई. परत नेऊन दे. आन् सांडू नकोस, शालन. तुझ्या पाया पडतो, एक कन सांडू नकोस."

पाया पडतो म्हणाला! दोन गाड्या, उपाशी पोट, एवढं मोठं पाप डोक्यावर, आणि त्याचं हे फळ. पण ती भांडली नाही. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं. तिनं गाठ पुन्हा मारली, लुगडं सोडलं, गाठीसकट घडी केली, स्वच्छ टॉवेलात गुंडाळली आणि येशूच्या तसबिरीसमोर फळीवर ठेवून मेणबत्ती लावली. मग रोजचं लुगडं नेसून कामाला पळाली. बारा कधीच वाजून गेले होते. संदेशनं सगळ्या बायांसमोर घड्याळ दाखवलं आणि तिला संडासापाशी पडलेला पाला उचलायला लावला. तिनं उचलला.

सोमवारी सकाळी टॉवेलाची घडी दोन्ही हातांवर घेऊन ती निघाली. याकोबानं बजावलं होतं, "वाटंत कुनाशी बोलू नकोस. धनी संगं हाय."

वाट पॉलिहाउसावरूनच जाते. फाटकात संदेश मोटरसायकलवर बसून फोनवर कुणाला तरी ओरडत होता. शालन दिसताच फोन खाली केला. "मावशी! कुटं निघालाव? गाडी भरायचीय आज!"

शालननं मान हलवली आणि चालत राहिली.

"आवो, तुमालाच बोलतोय. मुक्या झालाव का?"

नुसतं "येते" म्हणाली असती तरी भागलं असतं. तोंडाशी आलंही होतं. तिनं ते गिळलं.

"एवढी मिजास? मग उद्यापासनं येऊच नका!"

तिचे पाय थांबले. हे काम गेलं तर याकोबाच्या गोळ्या कुठून यायच्या? मागे फिरून हात जोडावेत असं तिला अगदी आतून वाटलं. पण जोडायला हात मोकळे कुठे होते! ती पुढे चालू लागली, आणि मळवलीपर्यंत डोळ्यांतलं पाणी पुसायचीही सोय नव्हती.

फादर चर्चच्या मागच्या खोलीत होते. शालननं घडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, खाली बघून. आता हे ओरडतील, हाकलून देतील, रविवारी सगळ्यांसमोर नाव घेतील, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

फादर ओरडले नाहीत. उठून हात धुतले. टेबलावर पांढरं कापड पसरलं, मेणबत्ती लावली, गाठ सोडली. दोन तुकडे तोंडात घेतले. मग चष्मा कपाळावर सारून, अगदी जवळ वाकून बोटाच्या टोकानं एकेक कण टिपून घेतला. लुगड्याच्या विणीत चुरा अडकला होता. त्यांनी एका वाटीत पाणी आणलं, पदराचं टोक त्यात बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. आणि वाटी तोंडाला लावली.

"फादर, नका!" शालन कळवळून म्हणाली. "मळलेला हाय पदर. गाडीतली धूळ, घाम..."

"असू दे," फादर म्हणाले आणि पाणी प्यायले.

शालनला रडू फुटलं. आणि रडता रडता जे इतके महिने साचलं होतं तेही तोंडातून गेलं. "तुमी आला असता फादर, तर मी चोरलं नसतं. गरिबाच्या दारात यायला तुमाला वेळ न्हाई."

फादरांनी वाटी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मी आलो होतो. दोनदा. तुम्ही कामावर होतात. मी दारात उभा होतो. आतून याकोबभाऊ म्हणाले, 'फादर, आत येऊ नका. आज नको.' दुसऱ्या वेळीही तेच. मला वाटलं, त्यांची श्रद्धा गेली असेल. जबरदस्ती कशी करू?"

शालननं डोळे पुसले.

"श्रद्धा न्हाई गेली फादर," ती म्हणाली. "लाज वाटतीय त्यांना."

फादरांनी तिचं पापनिवेदन ऐकलं, क्षमा दिली, म्हणाले, "शुक्रवारी येतो. दार उघडं ठेवा."

घरी येईपर्यंत शालनचं डोकं तापलेलं होतं. चप्पल काढायच्या आधी ती बोलायला लागली.

"फादर दोनदा आलते. तुमी दारातनं घालवलंत. आन् मी हितं त्यांना शिव्या घालतीय, चोऱ्या करतीय, काम घालवून बसतीय!"

ती त्याच्या अंथरुणापाशी येऊन उभी राहिली.

"का घालवलंत? सांगा की!"

"दोन्ही खेपेला... सगळं भरलं हुतं खाली," तो छताकडे बघत म्हणाला. "माश्या बसल्या हुत्या. तू यायला वेळ हुता. असल्यात त्याला कसं बोलावू, शालन? मला कळतच न्हाई कवा हुतंय त्ये. वास आल्यावर कळतं."

"मी रोज काढते ती घान. मला किळस येती का? बोला! मला, ह्या शालनला येत न्हाई. आन् त्याला यील?"

"तू बायकू हायस. त्यो देव हाय."

"मग देव बायकूपरीस हलका निघाला म्हना की!" ती तोंडाला येईल ते बोलली, आणि मग स्वतःच घाबरून छातीवर क्रूस काढला. याकोबाला एवढ्यातही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. ती मात्र चुलीकडे तोंड करून रडत बसली.

बुधवारी सरुबाई सांगत आली, "संदेशनं बोलावलंय. माल पडून ऱ्हायलाय, मानसं मिळंनात. आता लय गोड बोलतोय मेला." शालन गेली. फुलं कापली, गाड्या भरल्या, आणि शुक्रवारी सकाळी येणार नाही म्हणून सांगून आली. संदेशनं ओठ मुडपले, पण 'हूं' म्हणाला.

शुक्रवारी तिनं याकोबाला गरम पाण्यानं पुसलं. पाठीच्या जखमेला मलम लावलं, पावडर टाकली, पांढरा सदरा घातला, खाली धुतलेलं धडुतं घातलं. दाढी केली. सारवलेल्या जमिनीवर अंथरुणाशेजारी शेजारच्यांकडून आणलेलं प्लास्टिकचं स्टूल मांडलं. उदबत्तीच्या दोन काड्या लावल्या.

फादर स्कूटरवर आले. दार उघडंच होतं. याकोबानं पडल्या पडल्या हात जोडले. फादर स्टुलावर बसले, प्रार्थना म्हणाले, गळ्यातली सोनेरी डबी उघडली आणि हात पुढे केला. पोचेना. अंथरूण पार खाली, जमिनीवर. कितीही वाकलं तरी हात आणि तोंड यांच्यात वीतभर अंतर राहीच. फादरांनी स्टूल बाजूला सरकवलं आणि जमिनीवर गुडघे टेकले.

"ख्रिस्ताचं..."

आणि तेवढ्यात वास आला.

तिघांनाही आला. याकोबाचे डोळे मोठे झाले. त्यानं तोंड घट्ट मिटलं, मान भिंतीकडे फिरवली. "फादर, उठा," तो दातांतून म्हणाला. "उठा, जावा तुमी. झालं माझं. बघितलंस शालन? म्हनलं हुतं का न्हाई मी? आज तरी... आजच्या दिवस तरी..." पुढचं त्याला बोलवेना. एवढा थोराड माणूस, लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

शालन फडकं घेऊन धावली आणि अर्ध्यात थांबली. फादर उठले नव्हते. गुडघे टेकलेले, एका हातात डबी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत ती पांढरी भाकर, आहे तिथेच धरलेली.

"घाई नाही," ते म्हणाले. "मी थांबतो."

शालन अंथरुणाच्या दुसऱ्या अंगाला खाली बसली. रोज पेज भरवायला बसते तशी. तिनं याकोबाच्या गालाला हात लावून त्याची मान फिरवली.

"अवो, बघा तरी. तुमाला गुडघं टेकता येईनात म्हून त्यो टेकून बसलाय. किती ताटकळत ठेवताय त्याला? तोंड उघडा."

याकोबानं फादरांच्या गुडघ्यांकडे बघितलं. काळ्या पँटला सारवणाची धूळ लागली होती. तो बघतच राहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," याकोब म्हणाला.

याकोबाच्या कानाकडे पाणी ओघळत होतं, पण चेहरा शांत झाला होता. वास होताच. शालननं धडुतं सोडलं आणि कामाला लागली. फादरांनी पाठ फिरवली नाही. याकोबाचा हात हातात घेऊन बसून राहिले. तिनं पुसलं, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं.

"मावशी," फादर म्हणाले, "त्या रविवारचं तुमचं राहिलंय."

शालननं वर बघितलं. डबीत अजून एक होतं. तिनं डावा हात पुढे करायला उचलला आणि तो बघून तसाच मागे घेतला. काट्यांनी फुटलेला, आणि आता वर हे.

"फादर, हात घान हायत माझे. धुवून येते."

"हात राहू द्या," फादर म्हणाले. "तोंड उघडा."

गुडघे टेकायचा प्रश्नच नव्हता. ती होतीच खाली.